तापलेल्या लोहखनिजात क्ष-किरणांनी काय दिसते?

नमस्कार. डिचोली, सत्तरी किंवा सांगे तालुक्यात खाणीच्या वाटेवरून गेलेल्या कोणालाही तिथली तांबडी धूळ वेगळी सांगायला नको. हा तांबडा रंग मुख्यतः हेमेटाइट या लोह-ऑक्साइडचा असतो आणि गोव्याच्या खनिजात त्याच्या जोडीला गोएथाइट हे पिवळसर-तपकिरी खनिजही सापडते, जे सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पाणी गमावून हेमेटाइटच बनते. या खनिजातून हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या साहाय्याने ऑक्सिजन काढून घेण्याला आपण क्षपण म्हणतो.

हेमेटाइटमध्ये सहा लोहअणूंमागे नऊ ऑक्सिजन अणू असतात. त्यातला एक गेला की मॅग्नेटाइट होते, सुमारे तीन गेले की वुस्टाइट आणि सगळे गेले की धातुरूप लोह. मात्र वुस्टाइट ५७० अंशांच्या वरच स्थिर असते. त्याखाली मॅग्नेटाइटपासून थेट लोह बनते.

मग नमुना तराजूवर ठेवून वजनातली घट मोजली तर पुरणार नाही का? किती ऑक्सिजन गेला, हे तराजू अचूक सांगतो. मागे काय उरले, हे सांगत नाही. वुस्टाइट सावकाश थंड केले तर त्याचे विघटन होऊन मॅग्नेटाइट आणि लोह वेगळे होतात. या बदलात एकही अणू बाहेर जात नसल्यामुळे वजन तसूभरही हलत नाही, तरी पदार्थ मात्र पूर्ण निराळा झालेला असतो. क्ष-किरण विवर्तनाची गरज नेमकी इथे लागते, कारण स्फटिकातील अणुप्रतलांमधील अंतर बदलले की किरण वेगळ्या कोनात परावर्तित होतात.

आता पडद्यावरचा आलेख पाहा: आडव्या अक्षावर किरणांच्या विवर्तनाचा कोन अंशांत आहे आणि उभ्या अक्षावर त्या किरणांची तीव्रता. तांब्याच्या नळीचे, म्हणजे तांब्याचे लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीचे, किरण वापरले आणि नमुना सामान्य तापमानाला असला, तर हेमेटाइटचे ठळक शिखर ३३.२ अंशांपाशी, वुस्टाइटचे ४२ च्या आसपास आणि लोहाचे ४४.७ पाशी येते. मॅग्नेटाइटचे सर्वांत उंच शिखर ३५.४ ला आहे, पण हेमेटाइटचे दुसरे शिखर त्याला चिकटून ३५.६ ला असल्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. मॅग्नेटाइट आहे की नाही, हे ठरवताना ३०.१ अंशांचे छोटे शिखर शोधलेले बरे. तापलेल्या नमुन्यात प्रसरणामुळे सगळीच शिखरे किंचित डावीकडे सरकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

नळीबद्दल थोडे सांगायला हवे. तांब्याच्या किरणांनी लोहअणू स्वतःच क्ष-किरण सोडू लागतात, आलेखाची पार्श्वभूमी वर चढते आणि लहान शिखरे त्यात बुडतात. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा त्यासाठी अपुरी पडते, म्हणून लोहखनिजासाठी मी कोबाल्टचीच नळी पसंत करीन.

खरी मजा आहे ती तप्त कक्षात. किरण आरपार जाऊ देणाऱ्या खिडकीमागे नमुना तापत असतो, त्यावरून हायड्रोजन वाहत असतो आणि थोड्या थोड्या वेळाने आलेख घेतला जातो. त्यामुळे वुस्टाइट उगवताना आणि मावळताना प्रत्यक्ष दिसते. असा कक्ष हाताशी नसेल, तर नमुना वायूच्या संरक्षणाखाली झटकन थंड करावा लागतो, जेणेकरून वुस्टाइटला विघटनासाठी पुरेसा वेळ मिळू नये. म्हणूनच एखाद्या अहवालात वुस्टाइटचे प्रमाण शून्य दिसले, तर नमुना कसा आणि किती वेगाने थंड केला होता, हे आधी विचारावे.