नाव न सांगणारे दूत

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात तलावपाळीला फेरी मारणाऱ्यांना तिथलं संत योहान बाप्तिस्ताचं चर्च ओळखीचं असेल. 24 जूनला या संताचा जन्मदिवस साजरा होतो. त्या जन्माची बातमी आणणारा कोण होता, आणि बायबलमधले देवदूत आपली ओळख देतात तरी कशी, याविषयी आज बोलणार आहे.

लूकच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय घ्या. म्हातारा याजक जखऱ्या मंदिरात धूप जाळतो आहे. धूपवेदीच्या उजव्या बाजूला देवदूत दिसतो. तो म्हणतो, तुझी बायको अलीशिबा हिला मुलगा होईल. जखऱ्या विचारतो, हे कशावरून खरं मानू? मी म्हातारा, तिचंही वय झालेलं. एवढी शंका घेतल्यावर दूत नाव सांगतो: मी गब्रीएल, देवासमोर उभा राहणारा. नावाला जोडूनच, आपण कोणाच्या पदरी आहोत तेही. त्याच अध्यायात तो नासरेथला मरीयेकडे जातो, पण तिथे स्वतःचं नाव काढतच नाही. ते आपल्याला लूक सांगतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

कॅथलिक बायबलमध्ये देवाच्या दूतांपैकी नावानिशी भेटतात ते तिघेच: मीखाएल, गब्रीएल आणि रफाएल. 29 सप्टेंबरला तिघांचा एकत्र सण असतो. रफाएलची गोष्ट तोबीतच्या पुस्तकात आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसतं, म्हणून अनेकांच्या वाचनातून ते राहून जातं.

आंधळा तोबीत मुलाला दूरदेशी पैसे आणायला पाठवणार असतो. सोबत म्हणून एक तरुण तयार होतो. तोबीत अगदी आपल्या आजोबांसारखी चौकशी करतो: बाबा रे, तू कोणाचा, कुठल्या घराण्यातला? पाहुणा आधी म्हणतो, घराणं कशाला हवं? मग सांगतो, मी अजऱ्या, तुमच्याच भाऊबंदांपैकी. वाटेत माशाचं पित्त काढून ठेवायला तो मुलाला सांगतो, त्याच औषधाने पुढे बापाचे डोळे उघडतात. मजुरी देण्याची वेळ आली तेव्हा कळतं, हा रफाएल. तोपर्यंत काम झालेलं असतं, आणि तो म्हणतो, आभार देवाचे माना.

बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकातला मानोहाही असाच हट्ट धरतो. त्याच्या होणाऱ्या मुलाच्या, म्हणजे शमशोनाच्या, जन्माचं वचन घेऊन आलेल्या दूताला तो विचारतो, तुमचं नाव सांगा, म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरलं की आम्ही तुमचा मान करू. उत्तर येतं, माझं नाव कशाला विचारतोस? ते अद्भुत आहे. जेवायलाही तो थांबत नाही. होमाची ज्वाळा वर चढते, आणि तिच्यातून तो दिसेनासा होतो.

माझ्या मते ही नावं चुकून राहिलेली नाहीत. नाव मिळालं की मान त्या दूताला गेला असता, आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

दूत गेल्यावर मानोहा घाबरून बायकोला म्हणतो, आपण देवाला पाहिलं, आता आपण मरणार. दूत आधी तिलाच भेटला होता, आणि तेव्हा तिने नाव विचारलंही नव्हतं. ती नवऱ्याला म्हणते, देवाला आपल्याला मारायचंच असतं, तर त्याने आपल्या हातचं अर्पण घेतलं असतं का?

नमस्कार.