चतुःसीमा नसलेली मालकी
(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराच्या त्या रात्री आठवा. आयर्विन पुलाजवळची, कृष्णेच्या पाण्याची उंची दाखवणारी पट्टी कोणीतरी बॅटरीच्या उजेडात वाचायचं आणि आकडा आपल्या फोनवर यायचा. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ आहे. आकडा वाढला की आमच्या घरात कागदपत्रांची पिशवी आधी माळ्यावर जायची, मग धान्य.

आता हेच काम सॉफ्टवेअरच्या पेटंटच्या, म्हणजे शोधावरच्या मालकीहक्काच्या, अर्जात कसं लिहिलं जाईल बघा: ‘एका ठिकाणचं माप घेऊन, ते ठरलेल्या मर्यादेपुढे जाताच दूरच्या व्यक्तीला संदेश पाठवण्याची पद्धत.’ यात नदी नाही, पूल नाही, पट्टी नाही. म्हणून धरणाचा विसर्ग, दवाखान्यातला ऑक्सिजन, शेतातली मोटर, सगळंच त्यात बसतं. खरी मेख इथं आहे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. बांध कोरला तर मोजणी मागवता येते. सॉफ्टवेअरच्या पेटंटला बांधच सापडत नाही. आपण कोणाच्या रानात शिरलो, हे नोटीस आल्यावरच कळतं.

अमेरिकेत असं घडलं आहे. अरायव्हलस्टार नावाच्या कंपनीकडे ‘गाडी कुठवर आली ते आधी कळवणं’ या धाटणीची पेटंटं होती. कंपनी स्वतः बस चालवत नव्हती. पण बस किती वाजता येईल हे प्रवाशांना सांगणाऱ्या सार्वजनिक वाहतूक संस्थांवर, अगदी सिएटलच्या किंग काउंटीवरही, तिनं पैशांसाठी दावे लावले. अशा धंद्यालाच पेटंट ट्रोल म्हणतात. खटला लढवायचा तर वकिलांवर लाखो डॉलर जाणार, तडजोड त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. भीक नको पण कुत्रं आवर, म्हणून संस्था पैसे मोजून मोकळ्या व्हायच्या. ते पैसे तिकिटाचे आणि कराचे होते, याची मला फार चीड येते. शेवटी 2013 मध्ये या वाहतूक संस्थांची संघटनाच कोर्टात गेली, तेव्हा कंपनीनं सभासद संस्थांवर पुन्हा दावे न लावण्याचं मान्य केलं. एकेकटी संस्था नमली होती; एकत्र आल्यावर निभावलं.

आपल्याकडे 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 3(के) हा बांध आहे. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. डिसेंबर 2004 च्या अध्यादेशानं हा बांध फोडायचा प्रयत्न झाला. 2005 मध्ये संसदेनं तो बदल गाळला. पण ‘निव्वळ’ या शब्दावरची ओढाताण थांबलेली नाही, कारण प्रोग्रॅम ‘निव्वळ’ नाही असं पटवलं की पेटंटची वाट मोकळी होते. नव्या प्रोग्रॅमबरोबर नवं यंत्रही हवं, अशी अट पेटंट कार्यालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत होती. 2017 मध्ये ती निघाली. माझ्या मते तिथं आपण एक दगड हलू दिला.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कोणालाही हरकत नोंदवता येते. अर्जात मागितलेली पद्धत अर्जाच्या आधीपासूनच भारतात जाहीरपणे वापरात होती, हे तारखेसह दाखवणं हा त्यातला एक भक्कम आधार. पट्टीचे आकडे सांगणारे तुमचे 2019 चे मेसेज, गल्लीतल्या ग्रुपवरचे, अजून फोनमध्ये असतील. ते पुसू नका.