आधी कान बघा

नमस्कार मंडळी. कुकर लावला असेल तर लागू दे, शिट्ट्या मोजता मोजता ऐका. आज चित्रांवर बोलायचंय आणि रेडिओवर चित्र काही दिसत नाही, त्यामुळे मी सांगेन तसं डोळ्यांसमोर आणत चला.

ती बाई तुम्ही पाहिलेली आहे. मान जराशी कललेली, पापण्या खाली, अंगावर रेशीम, केसांत फुलं, हातात पंखा नाहीतर बासरी, खाली लिहिलेलं 'जुन्या चीनची राजकन्या'. शांघायचे चित्रकार चेन यीफेई, २००५मध्ये गेले, त्यांनी तेलरंगात वाद्य वाजवणाऱ्या अशा बायका रंगवल्या आणि त्या फार गाजल्या, आता तर तसल्या चित्रांचे मोबाईल वॉलपेपरसुद्धा मिळतात. मला आवडतात ती चित्रं, मनापासून आवडतात. पण पुढच्या वेळी बघाल तेव्हा एक करा. आधी कान बघा.

का, तर १६४४मध्ये उत्तरेकडच्या मांचू लोकांनी बीजिंग घेतलं आणि १९१२पर्यंत त्यांचं, म्हणजे छिंग घराण्याचं राज्य चाललं. हान, म्हणजे चीनमधले बहुसंख्य लोक, त्यांच्या पुरुषांना मांचूंनी डोकं भादरून शेंडी ठेवायला लावली, पण हान बायकांचे कपडे तसेच राहू दिले. त्यामुळे एकाच शहरात दोन तऱ्हा. मांचू बाईचा गळ्यापासून पायापर्यंत एकच अखंड झगा, पाय न बांधलेले आणि एका कानात तीन डूल. आपली बुगडी वरच्या बाजूला असते, यांचे तिन्ही खाली पाळीतच. हान बाईचा वर सैल बाह्यांचा अंगरखा, खाली घेर, आणि कानात एकेकच. १७७५मध्ये चिएनलुंग बादशहाने तर तक्रारच केली, की एका कानात तीन ही मांचूंची जुनी रीत, आणि महालात निवडीसाठी आणलेल्या मुली एकेकच घालून येतायत. म्हणून म्हणते, आधी कान, मग बाही.

आता माझी लाडकी गोष्ट. ही मी कितीही वेळा सांगू शकते.

चिएनलुंगचे वडील योंगझेंग, ते बादशहा व्हायच्या आधीची गोष्ट, तेव्हा ते नुसते राजपुत्र यिनचेन. बीजिंगबाहेर युआनमिंगयुआन नावाची त्यांची बाग होती, बागेत एक वाचनघर, नावाचा अर्थ साधारण 'दाट विलोच्या झाडांमधलं वाचनघर', आणि तिथे एक घडीचा पडदा, लाकडी चौकटींचा, त्यावर रेशमी कापडावर रंगवलेल्या बारा बायका. एकेक चित्र १८४ सेंटीमीटर उंच, म्हणजे बाई जवळजवळ खऱ्या मापाची. एक आरशात बघतेय, अंगावर फरचं अस्तर, एक शेगडीजवळ बसून बर्फ बघतेय, एकीच्या हातात जपमाळ आहे पण लक्ष सगळं दोन मांजरांकडे, एकीच्या हातात चक्क युरोपातलं घड्याळ. आणि आरसेवालीच्या मागे जी अक्षरं लिहिलीयेत त्यांच्याखाली सही राजपुत्राच्या टोपणनावाची.

ही चित्रं १९५०च्या सुमारास बीजिंगच्या राजवाड्याच्या कोठारातून पुन्हा उजेडात आली, आणि सही कुणाची ते बघून लोकांनी ठरवून टाकलं की या त्याच्या बायका. झालं, नावच पडलं तसं, योंगझेंगच्या राण्या. कितीतरी वर्षं तेच चाललं. पण राजवाड्याच्या म्युझियममधले झू जियाजिन म्हणून एक मोठे जाणकार, ते महालाच्या कारखान्यांच्या जुन्या वह्या वाचत होते, कुणी काय बनवलं, कुठे पाठवलं, असल्या कोरड्या नोंदी. आणि त्यात १७३२ सालची नोंद सापडली, आठव्या महिन्यातली. वाचनघरातल्या पडद्यावरून काढलेली 'सुंदरींची रेशमी चित्रं, बारा', त्यांना मागून कागद लावा, प्रत्येकीला गुंडाळायचा लाकडी दांडा करा. बस एवढंच. सुंदरींची! राण्यांची नाही! त्याच वह्यांत राणीचं चित्र आलं की अमुक राणीसाहेबांची तसबीर असं पदासकट लिहायची पद्धत, बादशहाच्या राणीला नुसतं 'सुंदरी' म्हणायची कुठल्या कारकुनाची हिंमत होती? काही अभ्यासक अजूनही म्हणतात की चेहरे खऱ्या बायकांचेच असतील, पण मला वहीच पटते.

आणि आता बाह्या बघा. बाराही जणी हान कपड्यांत! ज्याच्या घरात बायकांना हान कपडे घालायला बंदी, त्याच मांचू राजपुत्राने आपल्या वाचायच्या खोलीत हान कपड्यांतल्या बारा बायका लावल्या. घरात जे चालायचं नाही ते त्याने भिंतीवर आणलं, मला तरी तसंच वाटतं.

पुढे १८६०मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने ती बाग जाळली. चित्रं पडद्यावरच राहिली असती तर तीही गेली असती.

खऱ्या राण्या बघायच्या तर १७३६ची चित्रांची गुंडाळी आहे, अमेरिकेत क्लीव्हलंडच्या म्युझियममध्ये, इटलीहून आलेले चित्रकार कास्तिल्योने, दरबारातलं नाव लांग शिनिंग, त्यांच्या हाताखालची. चिएनलुंग, त्याची पट्टराणी आणि मग इतर राण्या ओळीने, सगळ्या मांचू पोशाखात, आणि शेजारी प्रत्येकीचं पद लिहिलेलं. स्वतःचं नाव नाही हां, पद.

यावरून आठवलं, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहा. पेन्सिलीने, हळू हाताने, आणि 'काकू' किंवा 'मोठी आई' असं नको, तिचं नाव, माहेरचंही. मी हे दर कार्यक्रमात सांगते आणि सांगत राहणार.

आणि हो, आजच्या चित्रांत चिएनलुंगच्या काळातली म्हणून जी बाई दाखवतात, डोक्यावर पंखांसारखी रुंद काळी पाटी आणि त्यावर मोठ्ठं फूल, ती पाटी एवढी मोठी झाली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, राजमाता त्सशीच्या वेळी. शंभर वर्षांची चूक आहे ती.

पण बारांतली माझी बाई वेगळीच. ती रात्री मेणबत्तीच्या उजेडात शिवण घेऊन बसलीये. ना आरसा, ना दागिन्यांचा थाट. सुई तेवढी वर आलीये, दोरा ताणलेला, आणि बाहेर बांबूंमध्ये लाल वटवाघूळ उडतंय. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सुदैव या शब्दांचा उच्चार सारखाच, म्हणून ते काढलंय. तिचं मात्र तिकडे लक्ष नाही, टाका घालायचाय तिला.