ब्लॉक आपला, जमीन कुणाची?

(नौपाड्यातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ठाण्यात व्याख्यान द्यायचं म्हणजे 1853 च्या आगगाडीपासून सुरुवात करायची पद्धत आहे. ती गाडी मी आज चुकवतो. संयोजकांनी विषय दिलाय 'संगणक, माध्यमं आणि समाज'. यातला समाज फार मोठा, तो मला झेपायचा नाही. मी सोसायटीपासून सुरू करतो, म्हणजे आपली सहकारी गृहनिर्माण संस्था. तिथे मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. तेवढ्या काळात माणसाला बराचसा समाज कळतो, आणि थोडा नकोसाही होतो.

इथे बसलेल्या किती जणांच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय? हात वर करा. बघा, मोजकेच. म्हणजे बाकीच्यांचं असं आहे: ब्लॉक आपल्या नावावर, शेअर सर्टिफिकेट कपाटात, मेंटेनन्स आणि टॅक्स न चुकता भरतो, पण जमिनीच्या कागदावर नाव अजून बिल्डरचं नाहीतर मूळ मालकाचं. जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची, हे 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या, कायद्यात लिहिलेलंच होतं. बिल्डर देईनात म्हणून 2008 मध्ये दुरुस्ती करून 'मानीव अभिहस्तांतरण', म्हणजे आपलं डीम्ड कन्व्हेयन्स, आणावं लागलं. आणि तरी पुनर्विकासाचा विषय निघेपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही. भिंती आपल्या रंगाच्या असल्या की खालच्या जमिनीचं कोण विचारतो?

संगणकाच्या धंद्यात मी तीस वर्षं काढली. तिथे मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत आलाय.

1994 साली मी गोखले रोडच्या मागच्या गल्लीत डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, हळदीकुंकवाची निमंत्रणं, आणि पितृपंधरवडा संपला की दिवाळी अंक. ट्रेसिंगवर प्रिंट काढायची आणि ऑफसेटवाल्याकडे पळायचं. मराठीसाठी जे सॉफ्टवेअर घेतलं होतं त्याच्याबरोबर अंगठ्याएवढा एक डबा मिळायचा. तो संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा. आम्ही त्याला 'लॉक' म्हणायचो. लॉक नसेल तर मराठी उमटायचं नाही. दुकानात चोरी झाली तर संगणक जाईल, पुन्हा घेता येईल. लॉक गेलं तर आठवडाभर धंदा ठप्प. म्हणून रात्री शटर ओढताना लॉक काढून खिशात टाकायचं आणि घरी देवघराच्या फळीवर ठेवायचं. बायको म्हणायची, देव बदलले तुमचे.

दोन वर्षांपूर्वी एक बाई घरी आल्या. 1998 च्या एका दिवाळी अंकासाठी आणि नंतरही त्यांच्या आईने माझ्याकडे कथा टाइप करून घेतल्या होत्या. आई गेल्या. हस्तलिखितं घर बदलताना रद्दीत गेली. उरल्या होत्या माझ्याच दुकानाचं लेबल असलेल्या दोन फ्लॉप्या. "काका, यातून काही निघेल का?"

फ्लॉप्या वाचता आल्या, हाच मोठा चमत्कार. फाइल उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा आणि स्वल्पविरामांचा काला. कारण त्या काळी संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. आम्ही इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रं बसवायचो. 'क'ची जागा अमुक कंपनीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराची, दुसरीच्या फॉन्टमध्ये एखाद्या कंसाची. फॉन्ट काढून घेतला की मराठी गेली, उरलं ते भाड्याचं घर. शिवाय अक्षरंही तुकड्यांत: अर्धा 'ग' वेगळा, काना वेगळा, दोन्ही जोडले की 'ग'. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, रफार नंतर. डोळ्यांना बरोबर दिसलं की काम झालं.

तो गुंता सोडवला युनिकोडने. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. देवनागरीला 128 घरांचा सलग पट्टा मिळाला, आणि तो कुठल्याही कंपनीच्या फॉन्टवर अवलंबून नाही. आपल्या लिपीचं कन्व्हेयन्स झालं ते असं. तेही हप्त्याहप्त्याने झालं बरं का. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, पण आपला 'ॲ', ज्याच्याशिवाय मराठीत ना ॲसिडिटी होते ना ॲडमिशन, त्याला स्वतःचं घर 2008 मध्ये मिळालं. आणि घर मिळालं तरी भाडं जास्तच. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, आपलं प्रत्येक चिन्ह इंटरनेटवर सहसा तीन बाइट घेतं. एसएमएसमध्ये इंग्रजीला 160 अक्षरं मिळायची, मराठीला 70, त्यात 'क्ष' लिहिला की तीन खर्ची पडायची. एक अख्खी पिढी 'कसा आहेस' रोमन लिपीत लिहायला शिकली ती आळसाने, असं आपण म्हणतो. मी म्हणतो, हिशेबाने. आजच्या एआयलाही मराठी वाक्याचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करावे लागतात, आणि बिल तुकड्यांवर लागतं.

तर त्या फ्लॉप्या. मी एक तक्ता बनवला: हे चिन्ह म्हणजे अर्धा 'स', ते म्हणजे काना. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. महिनाभराने सातपैकी पाच कथा बाहेर आल्या. एका कथेत लग्नघर होतं आणि रुसलेल्या आचाऱ्यांना समजवायला मुलीचा बाप स्वयंपाकघरात जातो. माझ्या प्रोग्रॅमने अर्ध्या 'र'चा सरसकट रफार केला. परिणामी बाप आचार्यांना समजवायला गेला. आचार्य भज्यांच्या कढईशी काय करत होते, हे मलाही तीन वेळा वाचेपर्यंत कळेना. बाई मात्र खूप हसल्या. म्हणाल्या, "आईला हे आवडलं असतं."

उरलेल्या दोन कथांकडे मी शेवटी येतो.

तुम्ही म्हणाल, हे झालं जुनं. आता सगळं सोपं आहे, मराठी टाइप काय, बोललं तरी उमटतं. मान्य. मी स्वतः रोज बोलून लिहितो आणि दर वेळी लहान मुलासारखा खूश होतो. पण जमिनीचं बघा. इथल्या चाळिशीतल्या मंडळींनी ऑर्कुटवर किती लिहिलं होतं, आठवतंय? 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 ला. टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली तेव्हा गावोगावच्या मुलामुलींचे लाखो चाहते एका संध्याकाळी गेले. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. आपलं काम जिथे होतं तिथून ते उचलून दुसरीकडे न्यायची सोय त्या मुलांकडे नव्हती, एवढाच माझा मुद्दा.

ही सोय अशक्य आहे का? 2011 च्या जानेवारीत देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली. नंबर तोच, कंपनी दुसरी. कंपन्यांनी कुरकुर केली, आभाळ कोसळलं नाही. युरोपने 2018 पासून हाच हक्क आपल्या माहितीबाबत दिलाय. आपल्याकडे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये जो मसुदा दिला त्यात तो होता. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो नाही. माहिती पाहायचा, दुरुस्त करायचा, पुसायला लावायचा हक्क आहे. बांधून घेऊन जायचा नाही. काही कंपन्या स्वतःहून देतात. गूगल 2011 पासून सगळं एकत्र बांधून देतं, आणि ते चांगलंच आहे. पण घरमालक चांगला आहे म्हणून कुणी करारनामा करायचं सोडत नाही.

आता ही जमीन खरोखर आहे कुठे, तेही पाहू. 'क्लाउड' म्हटलं की लोक वर बघतात. खरं तर पुलापलीकडे बघायला हवं: ऐरोली, रबाळे, महापे. ठाणे-बेलापूर रोडने जाताना खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात ना, बाहेर जनरेटरच्या रांगा, गच्चीवर कूलिंगची यंत्रं, ती डेटा सेंटरं. ढग रबाळ्याला उतरलाय. तुमच्या नातीच्या बारशाचे फोटो कदाचित तिथेच असतील, नाहीतर सिंगापूरला. आपल्याला विचारून कुणी ठेवलेले नाहीत.

त्या पट्ट्यात पूर्वी काय होतं, हे तिथल्या गावकऱ्यांना विचारा. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी. साठच्या दशकात एमआयडीसी आली, आणि 1970 पासून नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. त्या लोकांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के, पण विकसित केलेला भूखंड, मूळ मालकाला परत. त्या रक्ताशी मी कशाचीच बरोबरी करत नाही. पण तत्त्व बघा. जमीन तुम्ही घेतलीत, तिची किंमत आमच्यामुळे वाढली, वाढलेल्या किमतीतला वाटा द्या.

एआय आपल्या लिहिण्यावर शिकतं. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला, तो लोकांनी पदरमोड करून लिहिला आणि मुद्दाम सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. ते दान आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण 2024 मध्ये रेडिट या चर्चेच्या वेबसाइटने सभासदांचं लेखन गूगलला वापरू द्यायचा करार केला, तेव्हा लिहिणारे त्या करारात पक्षकारच नव्हते. मला मराठीसाठी पैसे नकोत. विकसित भूखंड हवाय: बरा शुद्धलेखन तपासनीस, अंध वाचकाला मराठी पुस्तक नीट वाचून दाखवणारा आवाज, जुन्या छापील पानांवरून चुका न करता मजकूर उचलणारं साधन. शाळांना आणि ग्रंथालयांना फुकट. हे मागायला आपण अजून एकत्रही आलेलो नाही.

माध्यमांबद्दल बोलायचं राहिलं. थोडक्यात बोलतो, कारण या विषयावर मी चिडतो आणि डॉक्टरांनी मनाई केलीय. 1866 पासून या ठाण्यातून 'अरुणोदय' निघत होतं. 1867 चा कायदा आला तेव्हापासून, 2024 मध्ये तो जाईपर्यंत, प्रत्येक छापील गोष्टीवर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण असावं लागायचं. इंग्रजांनी तो आणला आपल्यावर नजर ठेवायला, हे खरंच. पण धंद्यात असताना मला त्या बारीक ओळीचा आदर वाटायला लागला. निवडणुकीत तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-अ आहे. साधं हँडबिल असलं तरी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, आणि छापणाऱ्याने आधी प्रकाशकाकडून लेखी घोषणापत्र घ्यायचं, दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीसह. एक उमेदवार रात्री अकराला आला, विरोधकावरचा मजकूर घेऊन. म्हणाला, नाव घालू नका. मी म्हटलं, मग तुम्ही हाताने लिहून काढा. गिऱ्हाईक गेलं.

आज तो हाताने लिहीत बसला नसता. फॉरवर्ड केलं असतं.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच माणसांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं. त्या अफवेवर कुठल्या मुद्रकाचं नाव होतं? त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. 2020 मध्ये खूप फिरलेल्या निरोपांना एकावर आणलं. चांगलं केलं. पण पाच की एक, हे ठरवलं कुणी? विधानसभेने नाही, आपल्या जनरल बॉडीने तर नाहीच. जमीनमालकाने ठरवलं.

आणि ज्यांनी नाव घालून लिहिलं त्यांचं काय झालं? नोव्हेंबर 2012, पालघर. तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात होतं. मुंबई बंद झाली त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. निनावी अफवेचा मूळ मालक सापडत नाही. नावाने लिहिणारी मुलगी पोलिसांना लगेच सापडली. मला यावर आणखी काही सुचत नाही.

आमच्या सोसायटीचं सांगतो आणि आवरतो. माझ्यानंतरच्या सेक्रेटरींनी नोटीस बोर्ड बंद करून सगळं ग्रुपवर आणलं. गळतीच्या तक्रारी, लिफ्टच्या एएमसीचे फोटो, ठराव, 'पास पास पास' असं लिहून मतदानसुद्धा. मग त्यांनी ब्लॉक विकला, फोन बदलला, जाताना ग्रुप मोडला. पुढच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्याची गळती निघाली. कंत्राटदाराने वॉटरप्रूफिंगची किती वर्षांची हमी दिली होती, हे कुणालाच दाखवता येईना. शेवटी ती हमी सापडली वॉचमनकडे. त्याने माझ्या काळातल्या मिनिट्सच्या झेरॉक्स काढून टाकायच्या म्हणून बाजूला ठेवल्या होत्या आणि तो त्यात डबा गुंडाळायचा.

आता त्या दोन कथा. त्या मी साध्या फाइलमध्ये न ठेवता त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात साठवल्या होत्या. म्हणजे उघडायला तेच सॉफ्टवेअर हवं. सॉफ्टवेअरची सीडी माझ्याकडे आहे. लॉकही आहे, अजून देवघराच्या फळीवरच. पण ते खोचायचं पोर्ट आजच्या संगणकाला नसतं, आणि बाजारातलं यूएसबीचं कनेक्टर लावून लॉक ओळखलं जात नाही, मी तीन आणून बघितले. तर इथे कुणाच्या माळ्यावर विंडोज 98 चा, चालू स्थितीतला, मागे पंचवीस भोकांचं प्रिंटर पोर्ट असलेला संगणक असेल, तर कार्यक्रमानंतर दाराशी मला भेटा. मी रिक्षा करून न्यायला येईन. बाईंना मी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय.