जवळपास आठ हजार नळ्या, एक वाकडी तार

[दृश्य: सकाळ. रिकामी बाकं. कॅमेरा वेदीकडून हळूहळू मागे वळतो.]

पोलंडमधलं ग्दान्स्क हे बाल्टिक समुद्राकाठचं बंदर. त्याच्या ओलिव्हा या भागात, बागेला लागून, हे विटांचं कॅथीड्रल आहे. रुंदीला बेताचं, लांबीला १०७ मीटर. सिस्टर्शियन पंथाचे साधू बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे आले. १८३१ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्यांचा मठ बंद केला, १९२५ मध्ये चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. इतिहास तूर्त एवढा पुरे. बघायचं आहे ते मागच्या भिंतीवर.

[दृश्य: पश्चिमेची भिंत. खिडकीतून ऊन. ऑर्गनचा दर्शनी भाग.]

गडद लाकडाचं कोरीवकाम. मधोमध रंगीत काचेची खिडकी, दोन्ही बाजूंना चकाकणाऱ्या नळ्यांचे मनोरे. वर देवदूतांचा मेळा. कुणाच्या हाती तुतारी, कुणाच्या हाती घंटा. त्यांच्या मध्ये सूर्य आणि तारे. आत्ता सगळे स्तब्ध आहेत.

मराठी कानाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचासमोर वाजणारा, पायाने भाता चालवायचा तो ऑर्गन. त्याच्या पोटात पितळेचे सूर असतात, पेटीत असतात तसेच, आणि नळी एकही नसते. इथे जवळपास ७,९०० नळ्या आहेत. समोरून दिसतात त्या मूठभर, उरलेल्या सगळ्या या कोरीव पडद्यामागे.

[दृश्य: कोरीवकामाचे जवळून घेतलेले तपशील. एका देवदूताचा फुगलेला गाल.]

अठराव्या शतकाच्या मध्यावर मठाचे प्रमुख होते यात्सेक रिबिन्स्की. ओर्नेता गावचा योहान विल्हेल्म वुल्फ हा तरुण ऑर्गन-कारागीर त्यांनी हेरला आणि मठाच्या खर्चाने परदेशी धाडला, तिकडचे ऑर्गन बघून ये म्हणून. वुल्फ परतला, पुढे मठातच दाखल झाला आणि ब्रदर मिखाएल झाला. १७६३ मध्ये काम सुरू झालं, १७८८ मध्ये संपलं. पंचवीस वर्षं. ८३ स्टॉप, सुमारे ५,१०० नळ्या. युरोपातल्या मोठ्यात मोठ्या वाद्यांमध्ये तेव्हा याची गणना होती.

स्टॉप म्हणजे काय, ते पेटीच्या भाषेत चटकन कळेल. पेटीत खर्ज, नर, मादी असे सुरांचे संच असतात. पट्टी तीच, पण संच बदलला की आवाजाची जात बदलते. ऑर्गनमध्ये असा प्रत्येक संच म्हणजे नळ्यांची एक रांग, काहींत एकापेक्षा जास्त रांगा. ती उघडणारी मूठ किंवा कळ म्हणजे स्टॉप. रांगेची ओळख तिच्यातल्या सगळ्यात खालच्या सुराच्या नळीवरून होते. आठ फुटी रांग म्हणजे ती नळी सुमारे २.४ मीटर. सोळा फुटी म्हणजे त्याच्या दुप्पट, आणि सूर एक सप्तक खाली. नळीचं वरचं तोंड बुजवलं तर निम्म्या लांबीत तोच खर्ज मिळतो. जागा कमी असली की कारागीर हीच युक्ती करतात, पण आवाज जरा मऊ पडतो.

वुल्फनंतर डालिट्सने हात फिरवला. १८६० च्या दशकात ग्योबेलने फेरबांधणी केली, १९३० च्या दशकात ल्यूबेकच्या केम्परने, १९६० च्या दशकात झिग्मुंट कामिन्स्कीने. आज ९६ स्टॉप आहेत. आतलं बरंचसं बदललं, दर्शनी भाग राहिला.

[दृश्य: बाजूचं अरुंद दार. लाकडी शिडी. कॅमेरा आत शिरतो. विजेरीच्या उजेडात नळ्यांचं रान.]

इथून पुढे पर्यटकांना मज्जाव.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून दर उन्हाळ्यात इथे आंतरराष्ट्रीय ऑर्गन महोत्सव भरतो. जून सरता सरता सुरू होतो, ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. मैफली संध्याकाळी, बहुतेक वर्षी मंगळवारी आणि शुक्रवारी. फलकावर पाहुण्या वादकांची नावं ठळक असतात. नळ्या सुरात लावणाऱ्या माणसाचं, ट्यूनरचं, नाव जगातल्या कुठल्याही ऑर्गन महोत्सवाच्या फलकावर शोधून पाहा. क्वचितच सापडेल.

त्याचं काम कळायला आधी दोन प्रकारच्या नळ्या ओळखायला हव्यात.

[दृश्य: दोन नळ्या शेजारी शेजारी, हातमोजे घातलेल्या हातात.]

ही फुंकीची नळी. बासरीसारखी. तळाच्या फटीतून हवेचा पातळ पडदा येतो, ओठावर आपटतो आणि आतला हवेचा स्तंभ वाजू लागतो. बहुसंख्य नळ्या या जातीच्या. आणि ही पत्तीची नळी. हिच्या बुटात, म्हणजे खालच्या पोकळ भागात, क्लॅरनेटसारखी एक पत्ती असते, पितळेची. अर्धवट कापलेल्या एका नळकांड्यावर ती थडथडते. ट्रम्पेट, ओबो ही नावं असलेले स्टॉप या जातीचे.

थंडीत दोन्ही जाती सुरात लावून ठेवल्या आणि उन्हाळा आला, तर काय होतं? हवा एका अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीची लांबी तेवढीच, आतली हवा मात्र भराभर कंप पावते. पांढरी सहा ४४० ला लावलेली असेल तर दहा अंशांच्या फरकाने ती ४४७ च्याही पुढे जाते. अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. फुंकीच्या सगळ्या नळ्या बरोबरीने चढतात, म्हणून एकट्या वाजल्या तर कानाला काही खटकत नाही. पत्तीच्या नळीत सूर ठरवते ती मुख्यतः पत्ती, आणि पितळ या उन्हाळ्याला फारसं बधत नाही. ती जवळपास जागच्या जागी राहते. परिणाम असा, की वादकाने तुतारीचा स्टॉप ओढला की सगळा ऑर्गन वर आणि तुताऱ्या खाली.

खरं तर बिघडल्या आहेत फुंकीच्या नळ्या. पण त्या हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या कडांना वारंवार हत्यार लावलं तर मऊ धातू फाटतो. म्हणून दुरुस्ती पत्तीच्या नळ्यांची करायची.

[दृश्य: ट्यूनर नळ्यांच्या दोन रांगांमधल्या फळीवर, गुडघे मुडपून. खालून एकच सूर.]

या कामाला दोन माणसं लागतात. एक खाली कन्सोलवर, म्हणजे पट्ट्या आणि स्टॉप असलेल्या वादकाच्या जागी. तो एक पट्टी दाबून धरतो, वरून हाक आली की पुढची. दुसरा वर. आधाराला चार फुटी रांगेचा सूर घेतला जातो, कारण तो स्पष्ट असतो आणि सहसा डगमगत नाही. दोन्ही सूर एकत्र वाजले की वाँव, वाँव, वाँव अशी लाट ऐकू येते. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन कंपनांचा फरक. आता नळीच्या बुटातून वर आलेली ही वाकडी तार बघा. तिचं खालचं टोक पत्तीला दाबून धरतं. तारेवर वरून हलकी टिचकी मारली की ती खाली सरकते, पत्तीचा मोकळा भाग आखूड होतो, सूर चढतो. खालून वर ठोकलं की उतरतो.

[निवेदन थांबतं. टिचकी. लाट संथ होते. टिचकी. लाट विरते.]

जुळला.

एका रांगेत साधारण ५४ ते ६१ नळ्या. एकीला अर्धा मिनिट धरलं तरी रांगेला अर्धा तास. मधे एखादी मुकी निघाली तर वेळ वाढतो. मुकी होण्याचं उन्हाळ्यातलं नेहमीचं कारण अगदीच फुटकळ असतं. दिव्यावर आलेलं चिलट नळीत पडतं आणि पत्तीखाली अडकतं. केसाएवढा कण असला तरी पत्ती नीट टेकत नाही, आवाज घोगरा होतो किंवा बंदच पडतो. नळी उचलायची, बूट काढायचा, कडक कागदाची पट्टी पत्तीखालून अलगद ओढून घ्यायची. पत्ती बोटाने उचलायची नाही. तिला एक अगदी हलका बाक दिलेला असतो. तो मोडला तर नळी पुन्हा जिवंत करायला कार्यशाळेत न्यावी लागते.

पथ्यं आणखीही आहेत. फुंकीच्या नळीला उघडा हात लावायचा नाही. हाताच्या उबेने तिचा सूर चढतो, आणि ती निवेपर्यंत कान फसतो. दारं मैफलीच्या वेळी असतील तशीच ठेवायची. कामाचे मोठे दिवे आत लावायचे नाहीत. वरच्या मजल्यावरच्या नळ्या खालच्यांपेक्षा गरम हवेत असतात, त्यामुळे वेगवेगळे विभाग आपापल्या गतीने चढतात. माणसं आली की आणखी फरक पडतो. जाड भिंती दिवसभराचं ऊन बऱ्यापैकी अडवतात म्हणून हे सगळं निदान आवाक्यात राहतं.

[दृश्य: चामड्याची छोटी पिशवी. तारांचे जुडगे. वाऱ्याचे लाकडी नळ.]

वुल्फच्या काळी भाते दाबायला वेगळी माणसं लागत. आता विजेचा पंखा हवा भरतो, भाता फक्त दाब एकसारखा धरून ठेवतो. बऱ्याच मोठ्या ऑर्गनमध्ये पट्टी आणि नळी यांच्यातला निरोपही वीजच पोचवते. पट्टी दाबली, विद्युतचुंबकाने एक बारीक झडप उचलली, चामड्याच्या पिशवीतली हवा सुटली, पिशवी बसली, नळीखालचं भोक उघडलं. हे सगळं पापणी लवायच्या आत.

चामडं काही दशकांत कडक होतं, तडकतं. चुंबकाच्या झडपेत धूळ बसते. मग पट्टी सोडली तरी सूर चालूच राहतो. जर्मन कारागीर त्याला ‘हॉयलर’ म्हणतात, म्हणजे आक्रोश करणारा. मैफलीत हे झालं तर इलाज एकच. वादक एकेक स्टॉप बंद करत दोषी रांग शोधतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर मदतनीस शिडी चढतो आणि ती नळी बैठकीतून उचलून ठेवतो. उरलेला कार्यक्रम एका सुराविना पार पडतो. श्रोत्यांतल्या बहुतेकांना पत्ताही लागत नाही.

[दृश्य: दुपार. पर्यटकांचे जथे. वर पाहणारे चेहरे.]

उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा वीसेक मिनिटांचं प्रात्यक्षिक होतं. चर्चच्या प्रार्थना असतात, लग्नं असतात. ट्यूनरला लागते ती शांतता, आणि ती पहाटे तरी मिळते नाहीतर रात्री. पाहुण्या वादकाचंही तेच. दोन मोठे ऑर्गन सारखे नसतात. पियानोवादक कुठल्याही गावी जाऊन वाजवू शकतो, ऑर्गनवादकाला मात्र प्रत्येक रचनेसाठी इथले स्टॉप नव्याने निवडावे लागतात.

[दृश्य: रात्र. कन्सोल. वहीत पेन्सिलने लिहिलेले आकडे.]

अडचण अशी, की कन्सोलवर ऐकू येतं ते खाली ऐकू येत नाही. जवळच्या नळ्या वादकाच्या कानात ओरडतात, लांबच्या दबतात. म्हणून एक जण खाली बाकांमध्ये फिरतो आणि वर कळवतो: सोळा फुटी जास्त होतंय, मिश्रण (एका सुराला अनेक रांगा वाजवणारा स्टॉप) कमी कर. अंतराचाही हिशेब आहे. शंभर मीटर कापायला आवाजाला सुमारे ०.३ सेकंद लागतात, त्यात भिंतींचा नाद मिसळतो. जलद तानेचे सूर एकमेकांवर चढून चिखल होतो. जाणता वादक इथे लय थोडी उतरवतो आणि सुरांच्या मधे श्वासाएवढी फट ठेवतो. रिकाम्या चर्चमध्ये ती फट मोठी वाटते. माणसं भरली की ती बरोबर बसते, कारण कपडे आणि अंगं नाद पिऊन टाकतात.

बाख आणि बुक्स्टेहुडे इथे नेहमी ऐकू येतात. पोलिश फेलिक्स नोवोव्हियेस्कीच्या ऑर्गन सिम्फनीही. याच मठाशी जोडलेलं सतराव्या शतकातलं ऑर्गन-संगीताचं हस्तलिखित आहे, ‘ओलिव्हा टॅब्लेचर’. ते आज विल्निअसमध्ये आहे.

[दृश्य: संध्याकाळ. बाकं भरलेली. सगळ्यांची पाठ ऑर्गनकडे.]

बाकं वेदीकडे तोंड करून आहेत. म्हणजे मैफलभर श्रोते समोर बघतात आणि संगीत पाठीमागून येतं. वादक कुणालाच दिसत नाही. टाळ्यांच्या वेळी मात्र सगळी गर्दी मागे वळते.

[निवेदन थांबतं. पूर्ण ऑर्गन. दोन मिनिटं.]

[दृश्य: देवदूत हलू लागतात.]

आणि आता वरचं यंत्र. तुताऱ्या वर-खाली होतात, घंटा किणकिणतात, सूर्य आणि तारे गरगर फिरतात. खालच्या माना मागे वळल्या आहेत, लहान मुलं बाकांवर उभी आहेत.

[निवेदन नाही. चेहरे.]

[दृश्य: चर्च रिकामं. ऑर्गनच्या आत, विजेरी.]

मैफल संपल्यावर ट्यूनर पुन्हा वर येतो. वादकाने एका चिठ्ठीवर तीन सूर लिहून ठेवले आहेत: दोन खाली वाटले, एक उशिरा बोलतो. उशिरा बोलणारा आधी. नळी उचलून बूट उघडला, कागदाची पट्टी फिरवली, पुन्हा बसवली, खालून सूर मागवला. बोलला. उरलेले दोन तो आज लावणार नाही. गर्दीच्या उबेने नळ्या अजून चढलेल्या आहेत. रात्रभर हवा निवू दे, सकाळी बघू.

[दृश्य: पंख्याचं बटण. भाता सावकाश खाली बसतो. लाकूड करकरतं. अंधार.]