एन-९५ धुवायचा नसतो

नमस्कार श्रोतेहो.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी कोल्हापुरात गंगावेशीतून किंवा राजारामपुरीतून चालत गेलं की गॅलरीतल्या दोरीवर मास्क वाळत घातलेले दिसायचे. शाळेचा गणवेश, टॉवेल आणि त्यांच्या शेजारी चिमट्याला लावलेला मास्क. कापडी मास्क असेल तर ठीकच, तो रोज धुवायलाच हवा. पण त्या ओळीत एन-९५ दिसला की माझा जीव तुटायचा. साबणाच्या पाण्यातून काढलेला एन-९५ दिसायला स्वच्छ दिसतो, पण ज्यासाठी तो घेतला ते काम त्याला पूर्वीसारखं जमत नाही.

माझी नोकरी हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात झाली. त्याला आम्ही सीएसएसडी म्हणतो. वस्तू पुन्हा वापरणं ही आमच्या पिढीला नवलाई नव्हती. काचेच्या सिरिंज उकळायच्या. रबरी हातमोजे धुवायचे, हवा भरून पाण्यात बुडवायचे, बुडबुडा आला की त्या जागी भोक, मग ठिगळ लावायचं, पावडर मारायची आणि ड्रममध्ये घालून ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात. ऑपरेशन थिएटरमधले मास्कही तेव्हा कापडीच, मागे नाड्या बांधायचे. धुवा, वाफेवर घाला, पुन्हा वापरा. म्हणून २०२० मध्ये मास्कचा तुटवडा पडला तेव्हा जुन्याजाणत्या माणसांनी पहिलं हेच विचारलं, ‘सिस्टर, ऑटोक्लेव्हमध्ये घालूया की!’

प्रश्न रास्त होता. चीनमधून साथीच्या बातम्या येऊ लागल्यावर आपल्या सरकारने ३१ जानेवारी २०२० रोजी मास्कच्या निर्यातीवर बंदी घातली. मार्चमध्ये मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत गेले. तरी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये मागणीपत्र पाठवलं की उत्तर यायचं, ‘बघू, आले की देतो.’ शेजारी इचलकरंजीत एवढे यंत्रमाग, मग मास्कचं कापड तिथे का निघत नाही, असंही लोक विचारायचे. तर हे कापड विणलेलंच नसतं. वितळवलेलं पॉलिप्रॉपिलीन बारीक छिद्रांतून गरम हवेच्या झोतात सोडतात, त्याचे अतिसूक्ष्म धागे एकमेकांवर पडत जातात आणि जाळं तयार होतं. याला मेल्टब्लोन म्हणतात. मागावर ते होत नाही, त्याची यंत्रंच वेगळी.

खरी गोम पुढे आहे. या धाग्यांवर कारखान्यातच विद्युतभार चढवलेला असतो. केसांतून फिरवलेली फणी कागदाचे कपटे ओढून घेते, तसे हे धागे हवेतले कण ओढून घेतात. एन-९५ म्हणजे चाळणी नव्हे. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड. त्याहून मोठे कण धाग्यावर आदळतात, त्याहून बारीक कण हवेत भरकटत कुठेतरी चिकटतात, आणि मधले निसटू पाहतात. ते अवघड कणही शंभरातले किमान ९५ अडवायचे, म्हणून ९५. हे भार असल्यामुळे जमतं, शिवाय श्वासही सहज घेता येतो.

आता या भाराचे वैरी कोण? साबण आणि अल्कोहोल. सॅनिटायझरचा फवारा मास्कवर मारणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत, अगदी शिकलेली. फिल्टरच्या चाचणीत भार मुद्दाम घालवायचा असेल तर अल्कोहोलच वापरतात, एवढं सांगितलं तरी पुरे. ब्लीचने मास्क खराब होतो, वर त्याचा वास नाकातोंडाशी बसतो. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत काही मास्क तग धरतात, काहींचा आकार बिघडतो. इथिलीन ऑक्साइड वायूने जंतू हमखास मरतात, पण तो वायू कर्करोगाला कारण ठरणारा, आणि मास्क तर तासन्‌तास नाकावर. म्हणजे तेही नको. आणि मायक्रोवेव्हचं म्हणाल तर मास्कच्या नाकावरच्या पट्टीत धातू असतो. ठिणगी उडते.

मग जगात काय केलं? अमेरिकेत बॅटेल नावाच्या संस्थेने हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेची यंत्रणा उभी केली. तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, मार्च २०२० च्या अखेरीस तिला तातडीची परवानगी दिली. एक मास्क २० वेळा चालेल असं तेव्हा म्हटलं होतं, नंतर ती मर्यादा पुष्कळच खाली आणली. ज्या मास्कमध्ये सेल्युलोज आहे तो तिथे चालत नसे, कारण सेल्युलोज ती वाफ पिऊन टाकतं. आणि डाग पडलेला मास्क थेट बाद. रक्ताचाच नव्हे, लिपस्टिकचा, पावडरचासुद्धा. आपल्याकडे ड्युटीला पावडर-टिकली करून येण्याची सवय. तेव्हा हा नियम ऐकून आमच्या मुली हसल्या होत्या, पण कारण खरं आहे. डागाखाली जंतूनाशक पोचत नाही.

नेब्रास्का विद्यापीठाच्या रुग्णालयात दुसरी पद्धत होती. खोलीत तारा बांधून त्यावर मास्क टांगायचे आणि दोन्ही बाजूंनी अतिनील किरणांचे मनोरे लावायचे. हे किरण २५४ नॅनोमीटरचे, उन्हात मिळतात ते नव्हेत. सूर्याचे तसले किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे गच्चीवर उन्हात ठेवून तोच परिणाम होईल असं धरून चालू नका. शिवाय जिथे सावली, तिथे जंतू तसाच. मास्कच्या घडीत आणि पट्ट्यांवर सावली पडतेच. बाजारात भाज्यांसाठी म्हणून निळ्या दिव्याचे डबे आले होते, त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

या मास्कच्या कापडावर भार चढवण्याचं तंत्र ज्यांनी विकसित केलं ते पीटर त्साई निवृत्त झाले होते. साथ आली तशी ते पुन्हा कामाला लागले. त्यांनी ७० अंशांची कोरडी उष्णता तासभर, हा मार्ग तपासला. आणि आणखी एक उपाय सुचवला, ज्याला यंत्रच लागत नाही. मास्क बाजूला ठेवा आणि दिवस जाऊ द्या.

मला पटला तो हाच. माणसामागे काही मास्क, प्रत्येकाला वाराचं पाकीट. सोमवारी वापरलेला सोमवारच्या खाकी पाकिटात, वर नाव आणि वॉर्ड. पुढचा सोमवार येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. यातही खाचाखोचा आहेत. पाकीट कागदाचंच, प्लास्टिकचं नाही, कारण श्वासाचा ओलावा बाहेर जायला हवा. आणि ज्याचा मास्क त्यालाच परत, कारण विषाणू मेला तरी दुसरे जंतू टिकू शकतात. काळ थांबून काम पुरं होतं असंही नाही. एका प्रयोगात सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या थरावर सातव्या दिवशीही थोडा जिवंत विषाणू सापडला होता. म्हणून मास्क पुढच्या बाजूला धरायचाच नाही, पट्ट्यांनी धरायचा, आणि हात लगेच धुवायचे.

आमच्याकडे कसोटी पावसाळ्यात लागली. राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत होती, पण कोल्हापूर जिल्ह्यात २०२१ चा जून-जुलै तापलेलाच होता, आणि जुलैअखेर पंचगंगेला महापूर. तशा हवेत कागदाचं पाकीट मऊ पडतं, पेनची शाई पसरते, वार वाचता येत नाही. वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशींनीच तोड काढली. पाकिटं एकावर एक न रचता दोरीला एकेक चिमट्याने लावली, आणि शिसपेन्सिलीने लिहायला सांगितलं. पेन्सिल पसरत नाही. सीएसएसडीतल्या कुठल्याच वहीत हे लिहिलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कोणत्याच वाफेने किंवा किरणांनी परत येत नाही, ती म्हणजे पट्ट्यांचा ताण. मास्क कितीही चांगला गाळत असला, तरी गालाशी फट राहिली तर हवा तिथूनच शिरते. म्हणून अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा चढवू नका असं सांगितलं होतं. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा आला की नाकपट्टी पुन्हा दाबा. दाढी असेल तर फट राहणारच, मग मास्क किती भारी आहे याला अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर हे सगळं नाइलाजाचं होतं आणि नाइलाजापुरतंच राहायला हवं होतं. अमेरिकेतही जून २०२१ मध्ये असे निर्जंतुक केलेले मास्क वापरण्याची परवानगी मागे घेतली, कारण नवे मास्क पुरेसे मिळू लागले. पण काही ठिकाणी, मास्क मिळत असतानाही ‘चालतंय की’ म्हणून पाकिटं सुरूच राहिली. तिथे बचत औषधांच्या बिलात दिसते, आजारी पडलेल्या नर्सच्या रजेत दिसत नाही.

वापर संपलेला मास्क हॉस्पिटलात पिवळ्या पिशवीत जातो. टाकण्याआधी तो कापायचा, पट्ट्यांसकट, म्हणजे कुणी धुवून पुन्हा विकायला नको. घरी काय कराल? कपाटात साथीच्या काळातले एन-९५ पडले असतील तर पाकीट फोडा आणि पट्टी ओढून बघा. रबर तुटलं, सैल राहिलं किंवा नाकाखालचा स्पंज भुकटी होऊन हाताला लागला, तर कात्रीने दोन तुकडे करा आणि कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. मुदत संपलेली नसेल आणि पट्टी ताठ असेल तर एखादा राहू द्या. घरात कुणाचं डायलिसिस किंवा केमो चालू असेल तर सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयाच्या, बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत तो उपयोगी पडेल.

नमस्कार.