दसऱ्याचा गुच्छ: झेंडू, आपटा आणि ज्वारीची कणसं

मंडळी, गुच्छ बांधायला पंधरा मिनिटं पुरतात, पण तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. आपल्या खानदेशात आश्विनातलं ऊन चांगलंच तापतं. दुपारी तोडलेलं फूल तहानलेलंच हातात येतं. कितीही सुबक बांधा, ते संध्याकाळी मान टाकतं. म्हणून ऊन उतरल्यावर तोडा, देठ धारदार कात्रीनं तिरपे कापा आणि रात्रभर सावलीत, खोल पाण्यात ठेवा. पाण्यात बुडणारं प्रत्येक पान काढा. झेंडूचा पाला पाण्यात लवकर कुजतो, त्यातले जंतू देठाच्या नळ्या बुजवतात आणि मग पाण्यात उभं असूनही फूल सुकतं.

झेंडूची खरी दुखरी जागा त्याची मान. टपोऱ्या फुलाचा देठ फुलाच्या लगेच खाली पोकळ असतो आणि तिथेच तो मुडपतो. खराट्याची बारीक काडी खालून देठात सरकवा आणि फुलाच्या बुडाशी टेकली की थांबा. जोर लावलात तर ती पाकळ्यांतून वर येते.

एका हातगुच्छाला सात झेंडू, शेवंतीच्या पाच काड्या, बांधावरचे पाच कुरडू, ज्वारीची तीन कणसं आणि आपट्याच्या वीतभर लांबीच्या पाच डहाळ्या घ्या. कणसाचा दाणा कडक झालेला हवा. दुधात असलेला दाणा सुरकुततो. आपट्याची जून, गर्द पानं निवडा, कोवळी लगेच आकसतात. आणि झाड ओरबाडू नका, शेंड्याकडच्या डहाळ्याच कापा. कुरडूचं मला विशेष कौतुक वाटतं: वाळला तरी त्याची गुलाबी झाक बरीच टिकते. कपाशीची फुटलेली दोन-तीन बोंडंही शोभतात, पण ती पाण्याच्या वर राहू द्या. कापूस भिजला की जड होऊन लोंबतो.

आता बांधणी. मधलं कणीस डाव्या हातात सरळ धरा. पुढची प्रत्येक काडी त्यावर तिरपी टेकवा, सगळ्या एकाच दिशेला, आणि दर काडीला गुच्छ थोडा फिरवा. उभ्या केलेल्या कडब्याच्या पेंढीची ताटं बुडाशी जशी फाकतात, तसे देठ फाकले पाहिजेत. एखादी काडी उलटी गेली की दोरा आवळताना शेजारचा देठ मोडतो. बांधायला केळीचं भिजवलेलं सोपट घ्या. ते देठ कापत नाही. गुंडाळायला केळीचं पान हवं असेल तर आधी मंद आचेवर फिरवा. रंग गडद होऊन ते लवचिक झालं की चिरत नाही. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, तेव्हा कापलेली कडा आधी पुसून घ्या.

पूजेत गुच्छ पिकलेल्या केळींच्या फणीशेजारी मात्र ठेवू नका. पिकत्या केळातून इथिलीन वायू निघतो. त्यानं फुलं लवकर कोमेजतात. चार हात लांब, वाऱ्याच्या जागी ठेवा, रोज सकाळी पाणी बदला आणि देठ बोटभर कापा.